पाय टेकू दे, मग वळ

काम: सात विरुद्ध सात खेळाडूंचा छोटा फुटबॉल गेम, गोडो इंजिनवर (गेम बनवायचं सॉफ्टवेअर). माणसं: मी आणि धाकटा भाऊ. मी कोड लिहिणार, तो खेळून नावं ठेवणार. वेळ: रात्री साडेनऊनंतर, ऑफिस आणि जेवण उरकल्यावर. जागा: सोलापुरातल्या भवानी पेठेतली आमची वरची खोली, शेजारी दिवसरात्र चालणारे माग. नोंदी मुळात स्वतःसाठी, कारण तीन आठवड्यांपूर्वी एखादा आकडा का बदलला होता ते मला कधीच आठवत नाही.

२२ सप्टेंबर २०२४

गेमची पहिली चालणारी आवृत्ती. एक खेळाडू, एक चेंडू, हिरवं मैदान. भावाच्या हातात कंट्रोलर दिला. दहा सेकंद पळवून तो म्हणाला, "दादा, ह्यो बर्फावर पळायलाय."

खरंय. गेममधल्या खेळाडूचे दोन भाग असतात. आत एक न दिसणारी कॅप्सूल, औषधाच्या गोळीसारखी, उभी. इंजिनच्या फिजिक्सला, म्हणजे हालचाल आणि टकरींच्या गणिताला, तेवढीच कळते. तिच्यावर माणसाचं चित्र चढवलेलं. माझी कॅप्सूल सेकंदाला ६ मीटर सरकते आणि फुकट मिळालेली पळण्याची क्लिप, म्हणजे तयार ॲनिमेशनचा तुकडा, आहे साधारण ४.२ मीटरवाल्या माणसाची. सेकंदाला १.८ मीटरचा हिशेब लागत नाही. तो पाय घसरून भरून निघतो.

क्लिप जवळपास दीडपट वेगाने चालवली. घसरणं थांबलं, पण गडी मूकपटातला दिसायला लागला. माणूस वेग वाढवताना नुसते पाय भराभर टाकत नाही, ढांगही लांब करतो. म्हणजे चालणं, हळू धावणं, जोरात धावणं, सुसाट, अशा चार क्लिपा हव्यात आणि वेगाप्रमाणे त्यांचं मिश्रण हवं.

२५ सप्टेंबर

मिश्रण केलं आणि खेळाडू लंगडायला लागला. कारण शोधण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. एका क्लिपमध्ये डावा पाय टेकतो तेव्हा दुसरीत उजवा टेकत होता. दोन्हींची सरासरी काढली की दोन्ही पाय मधेच कुठेतरी. सगळ्या क्लिपा 'डावा पाय जमिनीला लागला' या क्षणापासून कापून घेतल्या. आता बरं आहे.

२९ सप्टेंबर

रविवार. चेंडूचा दिवस.

नियमाप्रमाणे चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. मी ४३० ग्रॅम आणि ११ सेंटिमीटर त्रिज्या धरली. प्रश्न उसळीचा होता. इंजिनमध्ये 'बाउन्स' नावाचा एक आकडा असतो, शून्य ते एक. लोक तो अंदाजाने ०.५ वगैरे टाकतात. म्हटलं, आपण मोजू. बाबांनी भिंतीला टेप धरला, भावाने दोन मीटरवरून चेंडू सोडला, मी फोनवर स्लो-मोशन घेतलं.

गच्चीच्या कोब्यावर चेंडू १.२५ मीटर उसळला. मग शाळेच्या मैदानावर गेलो. एका बाजूला मुरूम पसरून दाबलेला आहे, तिथे सुमारे १ मीटर. दुसऱ्या बाजूला, गोलच्या मागे, उघडी काळी माती. परवाच्या पावसाने ओली. तिथे चेंडू जेमतेम ३५ सेंटिमीटर उठला आणि वर शेरभर चिखल घेऊन आला. बाबा म्हणाले, "हा आता ४३० ग्रॅमचा राहिला नाही."

उसळीची उंची भागिले सोडलेली उंची, त्याचं वर्गमूळ, हा आपला आकडा. कोबा ०.७९, मुरूम ०.७१, ओली काळी माती ०.४२. तुलनेसाठी: फिफाच्या वरच्या दर्जाच्या कृत्रिम हिरवळीवर याच चाचणीत चेंडू ६० ते ८५ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे ०.५५ ते ०.६५. एकंदरीत आमचं मैदान उन्हाळ्यात जगाच्या वर असतं आणि पावसाळ्यात जगाच्या खाली.

घरंगळण्याचीही एक चाचणी आहे: एक मीटर उंचीच्या उतरत्या घसरगुंडीवरून चेंडू सोडायचा. त्याच दर्जाच्या हिरवळीवर तो ४ ते ८ मीटर जाऊन थांबायला हवा. आम्ही प्लायवूडची फळी ४५ अंशात टेकवून सोडला. मुरमावर तो १७ मीटर गेला आणि कुंपणाला लागला, म्हणून १७. नाहीतर अजून गेला असता.

तेव्हा ठरलं: गेममध्ये मैदानाची निवड असणार. हिरवळ, मुरूम, ओली काळी. लहानपणापासून आम्ही जे गेम खेळलो त्यांत सगळीकडे युरोपातली गालिच्यासारखी हिरवळ. उन्हाने तडकलेल्या जमिनीवर चेंडू भेगेला लागून भलतीकडे उडतो, हे कुठल्याच गेमने आम्हाला कधी दाखवलं नाही.

५ ऑक्टोबर

हवेतला चेंडू. सेकंदाला २५ मीटर वेगाने मारलेल्या चेंडूवर हवेचा रोध किती, ते कागदावर काढलं. सव्वातीन न्यूटनच्या आसपास. चेंडूचं स्वतःचं वजन ४.२ न्यूटन. म्हणजे हवा त्याला मागे ओढते ती त्याच्या वजनाच्या पाऊणपट जोराने! मी आजवर हवेचा रोध म्हणजे किरकोळ बाब समजत होतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि वर आपली उष्णता, त्यामुळे इथली हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा दहाएक टक्के विरळ. तो आकडाही टाकला. कुणाला जाणवणार नाही, पण मला बरं वाटलं.

मग फिरकी. फिरणारा चेंडू एका बाजूची हवा आपल्यामागे ओढून वळवतो आणि स्वतः उलट बाजूला वळतो. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. कोडमध्ये एकच ओळ: फिरकी आणि वेग यांचा गुणाकार, तोही सदिश, म्हणजे दिशेसकट. परीक्षा म्हणून ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसची १९९७ची फ्रान्सविरुद्धची फ्री किक लावली, सुमारे ३५ मीटरवरून. पहिल्या प्रयत्नात चेंडू प्रेक्षकांत. फिरकी कमी केली, डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारल्यासारखा अक्ष तिरका केला. अकराव्या प्रयत्नात बचावपटूंच्या भिंतीच्या उजवीकडून निघून पोस्टला घासून आत. भावाने गल्लीतल्या चौघांना बोलावून दाखवलं.

त्यातच एक भूत सापडलं. कधीकधी चेंडू पोस्टमधून आरपार जायचा. हिशेब सोपा निघाला. फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं, अशी प्रत्येक वेळ म्हणजे एक टिक. ३० मीटर वेगाचा चेंडू एका टिकमध्ये अर्धा मीटर पुढे जातो. पोस्ट १२ सेंटिमीटर, चेंडू २२. दोन्ही मिळून ३४. अर्ध्या मीटरच्या उडीत ३४ सेंटिमीटरचा अडथळा तीनातून एकदा चुकणारच. चेंडू एका टिकला अलीकडे, पुढच्या टिकला पलीकडे, मधे काय होतं ते कुणी पाहिलंच नाही. आता दोन टिकमधली रेघ ओढून ती पोस्टला छेदते का ते तपासतो.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. सोनं द्यायला आलेली सगळी पोरं वर खोलीत. प्रत्येकाने फ्री किक मारली, प्रत्येकाने चेंडूचं कौतुक केलं. मग भावाच्या मित्राने, जो शाळेच्या संघात बचावाला खेळतो, चेंडू घेऊन पळायला सुरुवात केली आणि अर्ध्या मिनिटात कंट्रोलर खाली ठेवला. "चेंडू भारी हाय बे. पण माणूस खोटाय."

काय खोटं आहे ते त्याला सांगता येईना. उठून उभा राहिला आणि करून दाखवायला लागला. पळतोय असं दाखवलं, मग झटकन डावीकडे वळायला गेला आणि स्टुलावर आपटला. "हे बघ. असं होत नाही ना गेममध्ये."

चेंडूचं काम तीन रात्रींत झालं होतं, कारण चेंडूला मन नाही. मारल्यावर तो न्यूटनचा. माणसाचं काम अजून सुरूच झालेलं नाही हे काल कळलं.

२० ऑक्टोबर

मैदानावर शूटिंग. फोन सेकंदाला २४० फ्रेमवर, तिवई नाही म्हणून सायकलच्या कॅरिअरला रबराने बांधला. पोरांना सांगितलं, सुसाट या आणि या दगडापाशी काटकोनात वळा.

घरी येऊन एकेक फ्रेम पाहिली. डोकं आधी वळतं. वळण्याच्या दगडाच्या दोन-तीन पावलं आधीच पोरं पावलं आखूड करतात, कंबर खाली घेतात. मग बाहेरचा पाय, म्हणजे डावीकडे वळायचं तर उजवा, शरीराच्या बराच बाहेर रोवतात आणि त्याच्यावरून स्वतःला ढकलतात. हवेत असताना कुणीच वळत नाही. दिशा बदलते ती पाय जमिनीवर असतानाच. लिहिताना हे इतकं उघड वाटतंय की लाज वाटते, पण माझी कॅप्सूल दर फ्रेमला, हवेतसुद्धा, पाहिजे तशी वळत होती.

एक पोरगा दगडावर न थांबता सरळ कुंपणापर्यंत गेला. त्याचाही व्हिडिओ ठेवलाय.

२७ ऑक्टोबर

कॅप्सूलला मर्यादा घातल्या. वळताना आतल्या बाजूला लागणारा प्रवेग म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. सेकंदाला ७ मीटरने पळणारा गडी ३ मीटरच्या त्रिज्येत वळायचा म्हटला तर १६च्या वर प्रवेग लागतो, आणि त्याला जवळजवळ ६० अंश कलावं लागेल. मोटारसायकल असती तर एक वेळ ठीक. मी ७ वर कुलूप लावलं. तेवढ्यात माणूस पस्तीसेक अंश कलतो, जे व्हिडिओशी जुळतं. मग सुसाट पळणाऱ्याला वळायला ७ मीटरची त्रिज्या लागते. ४ मीटर वेगाने पळणाऱ्याला अडीच मीटरच्या आत भागतं. हळू हो, मग वळ. थांबण्यालाही मर्यादा: ७ मीटर वेगावरून शून्यावर यायला सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर आणि ४ मीटर जागा.

मी खूश. भावाला दिलं.

"दादा, आता ट्रक चालवायलोय."

बर्फावरून ट्रकवर. प्रगती म्हणायची.

१० नोव्हेंबर

दिवाळीत काम शून्य. फराळ आणि जुने गेम. मामेभावाच्या संगणकावर एमुलेटर (जुन्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) होता, त्यावर 'किक ऑफ' खेळलो. डिनो डिनी या माणसाने १९८९ साली केलेला. वरून दिसणारं मैदान, मुंग्यांएवढी माणसं, ॲनिमेशन म्हणावं असं काही नाही. पण चेंडू पायाला चिकटत नाही! पळताना प्रत्येक वेळी पायाने पुढे ढकलला जातो, आणि वेगात वळलात की तुम्ही एकीकडे, चेंडू दुसरीकडे. त्याआधीच्या बहुतेक गेममध्ये चेंडू दोरी बांधल्यासारखा पायाशी राहायचा.

पुढची तीस वर्षं एका बाजूला दिसणं सुधारत गेलं आणि दुसऱ्या बाजूला हे 'सुटं' फिजिक्स. 'फिफा १२' या गेममध्ये, २०११ साली, दोन खेळाडूंची धडक आधी रेकॉर्ड केलेल्या ॲनिमेशनऐवजी खरोखर फिजिक्सने सोडवायला घेतली. त्या काळात एकमेकांच्या अंगावर विचित्र घड्या होऊन पडलेल्या खेळाडूंचे व्हिडिओ आम्ही सायबर कॅफेत हसत पाहायचो. फिफा २२ मध्ये बावीसच्या बावीस खेळाडूंना सेन्सरचे सूट घालून पूर्ण सामन्याची हालचाल टिपली. आमच्याकडे सूट नाहीत. सायकलच्या कॅरिअरला बांधलेला फोन आहे.

पण डोक्यात राहिला तो 'किक ऑफ'. त्यात पाय नीट दिसतसुद्धा नव्हते, तरी वजन जाणवत होतं. कारण चूक केली की शिक्षा लगेच मिळत होती.

१६ नोव्हेंबर

चेंडू सुटा केला. आता ड्रिब्लिंग म्हणजे दर दोन-तीन पावलांना एक टोला. मधल्या वेळात चेंडू कुणाचाच नाही. हळू पळताना टोला ६० सेंटिमीटर, सुसाट पळताना अडीच-तीन मीटर. वेगाची किंमत आपोआप लागू झाली, वेगळा नियम लिहावा लागला नाही. मुरूम निवडला तर चेंडू इतका पुढे जातो की भाऊ त्याच्या मागे पळत सीमेबाहेर गेला. "हे मात्र आपलं मैदान."

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत, दुपारी पहिला स्पर्श. लांबून आलेला पास पायावर घेतला की तो भिंतीला लागल्यासारखा परत उडत होता. पायाचा उसळीचा आकडा कमी केला तर चेंडू जागच्या जागी मेल्यासारखा थांबायला लागला, चिखलात रुतल्यागत. दोन्ही खोटं.

बाबा मागे बसून पाहत होते. त्यांनी तीस वर्षं माग चालवला. (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा; दोन्ही टोकांना तो पेटीत थांबतो.) म्हणाले, "धोटा पेटीत येतो तेव्हा काय होतं? पेटी कडक असली तर धोटा उलटून परत येतो, धागा तुटतो. ढिली असली तर पुढच्या फटक्याला नीट बसत नाही. पेटीत पट्टी असते, ती त्याला दाबत दाबत थांबवते. एकदम नाही."

आकडा बदलायचा नव्हता, वेळ द्यायची होती. आता चेंडू लागण्याच्या आधीच पाय चेंडूच्या दिशेनेच मागे जायला लागतो आणि पाव मीटरभर अंतरात त्याचा वेग काढून घेतो. पाय वेळेवर मागे नेला नाही तर उसळी. ही 'वेळेवर' खेळाडूच्या कौशल्यावर ठेवली. चांगल्याचा चेंडू पायाशी पडतो, कच्च्याचा दोन मीटर पळतो. कोडमधल्या फंक्शनचं नाव 'धोटापेटी' ठेवलंय. पुढे कधी कुणी वाचलंच तर चक्रावेल.

१ डिसेंबर

काही नाही. पाण्याचा दिवस होता, रात्री दोनला नळ आला. टाकी भरेपर्यंत जागा होतो म्हणून ट्रकचा विचार केला. मर्यादांचे आकडे वाढवले, खेळाडू बर्फावर. कमी केले, ट्रक. मधला आकडा शोधून उपयोग नाही, कारण मधे बर्फावरचा ट्रक आहे.

८ डिसेंबर

ही नोंद नीट लिहून ठेवायची.

रात्री जेवून फिरायला निघालो तर नंदीध्वजाचा सराव चालू होता. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या, यात्रेत सात नंदीध्वज निघतात; उंच काठी, आणि ती पेलून चालणारा एकच माणूस. त्याचा सराव आधीपासून रात्री चालतो. लहानपणापासून पाहत आलोय, पण आज पहिल्यांदा त्याच्या पायांकडे पाहिलं.

तो काठी सरळ ठेवून चालत नाही. ती कधीच सरळ नसते. काठीचं वरचं टोक पुढे झुकतं आणि मग तो झुकलेल्या बाजूला पाय टाकतो. पाय काठीच्या खाली जातो. टोक जरा जास्त गेलं तर एक मोठं पाऊल, त्याने भागलं नाही तर भराभर तीन-चार लहान. चालायचं असेल तर तो आधी काठीला त्या बाजूला कलू देतो. शेजारी उभे असलेले एक आजोबा नवीन पोराला ओरडत होते, "आधी पाय नको टाकू! काठी सांगंल कुठं टाकायचा!"

घरी येऊन रोबोटवाल्यांचं लिखाण काढलं. चालणारा माणूस म्हणजे उलटा लंबक, टेकू खाली आणि वजन वर, हे ते लोक नेहमी म्हणतात. त्यांचा एक हिशेब आहे, 'कॅप्चर पॉइंट' नावाचा: या वेगाने चाललेलं शरीर एका पावलात थांबवायचं असेल तर पाय किती पुढे टाकायला हवा? कंबरेची उंची भागिले गुरुत्वप्रवेग, त्याचं वर्गमूळ, आणि ते गुणिले वेग. कंबर ०.९५ मीटर धरली तर ते वर्गमूळ ०.३१ सेकंद. वेग ३ मीटर असेल तर पाय ९३ सेंटिमीटर पुढे, म्हणजे लांब ढांग, जमेल. वेग ७ असेल तर २.२ मीटर पुढे. एवढा लांब पाय कुणाचाच नसतो. म्हणूनच सुसाट पळणारा एका पावलात थांबू शकत नाही, त्याला तीन-चार पावलं खावीच लागतात. २७ ऑक्टोबरला मी ज्या मर्यादा वरून लादल्या होत्या त्या इथे आपोआप निघतात, आणि पावलांच्या रूपात निघतात. ट्रकमध्ये नेमकी पावलंच नव्हती.

१५ डिसेंबर

गाभा पुन्हा लिहिला. आता आदेश कॅप्सूलला जात नाही. कंट्रोलरने दिशा दिली की आधी शरीराचा तोल त्या बाजूला कलतो, मग पुढचं पाऊल कुठे पडायला हवं ते ठरतं, आणि पाय जमिनीवर असेल तेवढ्या वेळातच वेग बदलतो. पाय एकदा टेकला की तिथेच खिळतो. गुडघा आणि घोटा त्याप्रमाणे वाकवायचं काम वेगळं गणित करतं. पाय घसरणं पूर्ण गेलं.

दिसायला इतकं सुंदर की मी नुसता पळवत बसलो. गडी दगडापाशी येतो, पावलं आखूड करतो, उजवा पाय बाहेर रोवतो, निघतो.

भाऊ: "दिसायलाय भारी. पण ऐकत नाही."

१८ डिसेंबर

'ऐकत नाही' मोजलं. सुसाट पळताना सेकंदाला चारेक पावलं पडतात, म्हणजे दोन पावलांत पाव सेकंद. बटण नुकताच एक पाय टेकल्यावर दाबलं तर पुढचा पाय टेकेपर्यंत पाव सेकंद काहीच होत नाही. खऱ्या खेळाडूचंही तेच होतं, मग तक्रार का?

आज ऑफिसमधून येताना सात रस्त्याच्या सिग्नलला उत्तर मिळालं. खरा खेळाडू बचावपटू पुढे आलेला पाहतो, ओळखायला त्याला पाचवा हिस्सा सेकंद लागतो, मग पाय टेकायला पाव. गेममध्ये ओळखणारा माझा भाऊ आहे. तो पाचवा हिस्सा त्याच्या डोक्यात आणि अंगठ्यात आधीच खर्च झालाय, वर पडद्यापर्यंत चित्र पोचायचा वेळ वेगळा. शिवाय खऱ्या खेळाडूला आपला कुठला पाय कुठे आहे ते न बघता ठाऊक असतं, म्हणून तो निर्णयच पावलाच्या मापाने घेतो. भावाला खेळाडूचे पाय स्वतःच्या अंगात जाणवत नाहीत, पडद्यावर बघावे लागतात. एवढं सगळं अंतर असताना मी त्याच्याकडून पाव सेकंद आणखी मागत होतो.

डोकं भावाचं, पाय खेळाडूचे. डोक्याचा भाग ताबडतोब व्हायला हवा, पायांनी आपला वेळ घ्यावा.

२२ डिसेंबर

त्याप्रमाणे तीन बदल.

बटण दाबलं की त्याच फ्रेमला मान आणि खांदे वळायला लागतात. दिशा बदललेली नसते, पण 'ऐकलं' हे कळतं. वीस ऑक्टोबरच्या व्हिडिओतही डोकंच आधी वळत होतं, तेव्हा यात खोटं काही नाही.

हवेतला पाय लवकर खाली आणता येतो. पाऊल आखूड पडतं, त्यामुळे जोर कमी लागतो, वळण जरा उथळ होतं, पण वाट पाहणं जास्तीत जास्त ०.१२ सेकंदावर आलं. घाईची किंमत आहे, पण घाई करता येते.

तिसरा: पाय टेकण्याच्या आधी दिलेला शेवटचा आदेश लक्षात ठेवला जातो. आधीच ठरवून बटण दाबणाऱ्याला वाट पाहावीच लागत नाही, त्याचं वळण नेमक्या पावलावर पडतं.

भाऊ तासभर खेळला. बोलला नाही. आई जेवायला हाक मारत होती, तरी उठला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

२९ डिसेंबर

धडका. दोघे खांद्याला खांदा भिडले की दोघांच्या तोलाला धक्का, मग दोघंही आपापला कॅप्चर पॉइंट शोधतात. सापडला तर सावरतात, पायाच्या आवाक्याबाहेर गेला तर पडतात. वेगळं 'पडण्याचं ॲनिमेशन' लावायचा नियम काढून टाकला. एका पायावर असताना हलका धक्काही पाडतो, दोन्ही पाय रोवलेल्याला हलवणं अवघड. एकच गडबड: कॉर्नरला सात जण जमले की सगळे एकमेकांना ढकलत, सावरत, हळूहळू गोलच्या जाळीत जाऊन पडतात. लोकलच्या डब्यासारखं. संख्या जास्त असली की धक्क्याचा जोर कमी करतोय, तात्पुरतं. फसवणूक आहे, मान्य.

१४ जानेवारी २०२५

गड्डा. काल अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, आज अक्षता सोहळा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सगळीकडे 'हर्र बोला हर्र'. गर्दीत उभा राहून मी काठीच्या टोकाकडे बघायचं सोडून पेलणाऱ्याच्या पायांकडे बघत होतो. भावाने टोमणा मारला, "दादा, देवाकडं बघ की."

मग मौत का कुआँ. भिंतीवर आडवी पळणारी मोटारसायकल. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. तिकिटाचे पैसे वसूल.

१९ जानेवारी

दसऱ्याची सगळी पोरं पुन्हा वर खोलीत. बचावाला खेळणारा मित्र मुद्दाम आधी बसवला. मैदान मुरूम.

त्याने चेंडू घेतला, सुसाट पळवला, टोला लांब गेला, वळायला उशीर झाला, चेंडू गेला. पुन्हा. यावेळी दोन पावलं आधी हळू झाला, बाहेरचा पाय पडताना बटण दाबलं, माझ्या बचावपटूला मागे टाकून आत शिरला आणि मारायला उशीर केल्याने गोलकीपरने चेंडू उचलला.

"हट्! माझंच चुकलं की बे," तो म्हणाला आणि कंट्रोलर न ठेवता पुन्हा सुरू केलं.

दसऱ्याला 'माणूस खोटाय' म्हणाला होता.

राहिलेली कामं: गोलकीपर अजून जुन्या कॅप्सूलवर आहे, डाइव्ह मारताना हवेत दिशा बदलतो. कॉर्नरची लोकल. ओल्या काळ्या मातीवर खिळलेला पाय थोडा घसरायला हवा. एवढे महिने घसरणं घालवण्यात गेले, आता ते मोजून परत आणायचं. त्यासाठी पावसाची वाट पाहायला लागेल, तोपर्यंत मैदानावर चार बादल्या पाणी टाकून बघू. पाण्याचा दिवस सोडून नाही, आई ओरडेल.